साम्य आणि सोयरीक : ‘माता’ या एका शब्दाची कथा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने मंडळाचा गौरव करावा, संस्थापकांचे स्मरण करावे आणि तरुणांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगून खाली बसावे, असा शिरस्ता आहे. आज आम्ही तो मोडणार आहोत. आम्ही येथे एका चुकीची कबुली देण्यासाठी उभे आहोत. चूक आमचीच आहे, आणि ती याच मंडळाच्या रौप्यमहोत्सवी अंकात छापलेली आहे. तो अंक आपल्या ग्रंथालयाच्या कपाटात आजही आहे आणि कुणी मूल उद्या तो उघडून वाचणार आहे. म्हणून ही कबुली खाजगीत देऊन भागणार नाही, ती याच व्यासपीठावरून द्यावयास हवी.

आम्ही भाषाशास्त्री नव्हे. आमचे आयुष्य लोखंड आणि पोलाद यांच्या संगतीत, या सुवर्णरेखेच्या काठी गेले. नोकरीच्या कामासाठी एकदा आम्हांस जाकार्ता शहरी जाण्याचा योग आला. दुसऱ्याच दिवशी यंत्रशाळेत डोळ्यात कचकण गेला, डोळा लाल झाला, सुजला. संध्याकाळी एकटेच दवाखाना शोधत निघालो. रस्त्यावर एक मोठी पाटी दिसली : ‘रुमाह साकित माता’. ‘रुमाह साकित’ म्हणजे रुग्णालय, एवढे कालच कळले होते. ‘माता’ हा शब्द तर कुणी शिकवण्याची गरजच नव्हती. हे प्रसूतिगृह असणार, येथे आमच्यासारख्या पुरुषाचे काय काम, असे मनाशी म्हणून आम्ही सुजलेला डोळा रुमालाने दाबीत पुढे गेलो आणि पुढचे दोन तास गल्लोगल्ली भटकलो. अखेर हॉटेलातील कारकुनाने उलगडा केला. ‘माता’ म्हणजे डोळा. ज्या दारावरून आम्ही परत फिरलो, ते त्या भागातील डोळ्यांचे एकमेव रुग्णालय होते!

ही फजिती येथेच संपली असती तर बरे झाले असते. पण अर्धवट ज्ञानाला स्वस्थ बसवत नाही. परत आल्यावर आम्ही विचार केला की, माता हीच घराचा डोळा, म्हणून आपल्या पूर्वजांकडून गेलेल्या ‘माता’ शब्दास त्या बेटांवर ‘डोळा’ असा अर्थ आला असावा. त्यात त्या भाषेत सूर्याला ‘माताहारी’ म्हणतात असे कळले. मग काय विचारता? ‘माता’ आणि ‘हरी’! सूर्याचे हे नाव उघडउघड संस्कृत ठरवून आम्ही मोकळे झालो. एवढ्यावरही न थांबता, आपल्या या परिसरातील संताळी भाषेत डोळ्याला ‘मेत्’ म्हणतात, तो शब्दही ‘नेत्र’ या शब्दाचाच अपभ्रंश होय, असे आम्ही ठोकून दिले. लेख वाचून पुष्कळांनी पाठ थोपटली. आपली भाषा जगाची जननी आहे, हे ऐकणे कुणाला आवडत नाही?

आमच्या खात्यात एक संताळ सहकारी होते. आमच्याहून वयाने वडील, म्हणून आम्ही त्यांना दादा म्हणत असू. त्या लेखाचा मतितार्थ आम्ही त्यांना मोठ्या हौसेने हिंदीत सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग शांतपणे म्हणाले, “तुमचे लोक इकडे येण्यापूर्वी आमच्या आजोबा-पणजोबांना डोळे नव्हते काय? डोळ्याचे नाव ते दुसऱ्याकडून उसने आणायला कशाला जातील?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यानंतर निवृत्तीच्या काळात जे काही वाचले, ते या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी वाचले. त्याचा सारांश आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

प्रथम ‘माता’ या शब्दाचे त्याच्या स्वतःच्या घरी काय स्थान आहे ते पाहू. मलय आणि तिच्याच एका रूपावर उभी असलेली इंडोनेशियन भाषा ज्या कुळात मोडतात, त्याला भाषाशास्त्रात ऑस्ट्रोनेशियन कुळ म्हणतात. या कुळात सुमारे बाराशे भाषा आहेत. पश्चिमेस आफ्रिकेजवळचे मादागास्कर, पूर्वेस पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेट, उत्तरेस तैवान व हवाई आणि दक्षिणेस न्यूझीलंड, एवढा त्यांचा पसारा आहे. कागदावर लिपी येण्याच्या कितीतरी आधी या लोकांनी लहान होड्यांतून अर्ध्या पृथ्वीची वाट चोखाळली. तैवानमधून हे लोक चार-पाच हजार वर्षांपूर्वी दक्षिणेकडे सरकू लागले, आणि न्यूझीलंडपर्यंत त्यांचे वंशज पोहोचले ते तेराव्या शतकाच्या सुमारास, असे आज मानले जाते.

या सबंध प्रवासात त्यांनी ‘डोळा’ हा शब्द सोबत नेला. तैवानच्या आमिस भाषेत तो ‘माता’ आहे, फिलिपाइन्सच्या तागालोगमध्ये ‘माता’, फिजीत ‘माता’, सामोआत ‘माता’. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत ‘माता’ म्हणजे चेहराही आणि डोळाही. हवाई बेटांवर मात्र तो ‘माका’ झाला आहे. आता विचार करा. मलय बेटांवर संस्कृत गेली हे खरे. ‘गुरु’, ‘नामा’, ‘रूपा’, ‘देवा’, ‘भाषा’ या अर्थी ‘बहासा’, असे कितीतरी शब्द तेथे आजही नांदत आहेत. पण तैवानच्या डोंगरात आणि सामोआच्या बेटांवर संस्कृत भाषा कोण घेऊन गेले होते? जेथे आपला एकही व्यापारी वा पुरोहित पोहोचला नाही, तेथेही तोच शब्द त्याच अर्थाने उभा आहे. आमची उपपत्ती कोसळण्यास एवढे पुरे होते. मलय भाषेत आईला ‘इबू’ म्हणतात, ही साधी गोष्टही आम्ही त्या वेळी विचारात घेतली नव्हती.

आणि ‘माताहारी’? मलय भाषेत ‘हारी’ म्हणजे दिवस. माताहारी म्हणजे दिवसाचा डोळा. यात विष्णू कोठेही नाही. फिजीत सूर्याला ‘मातानिसिंगा’ म्हणतात, त्याचाही अर्थ दिवसाचा डोळा. हजारो कोस दूर मादागास्करमध्ये डोळ्याला ‘मासु’ आणि सूर्याला ‘मासुआंद्रु’ म्हणतात. ‘आंद्रु’ म्हणजे दिवस. शब्द बदलले, पण बांधणी तीच राहिली. पहिल्या महायुद्धात हेरगिरीच्या आरोपावरून फ्रेंचांनी १९१७ साली जिला गोळ्या घातल्या, त्या नर्तकीचे ‘माताहारी’ हे नाव आपण ऐकले असेल. ती मूळची डच, तिचे नाव मार्गारेता झेल्ले. ती काही वर्षे पतीसोबत त्या वेळच्या डच ईस्ट इंडीजमध्ये राहिली होती आणि रंगभूमीवरचे नाव तिने तेथील भाषेतून उचलले. विलक्षण योग असा की, मलय भाषेत हेराला ‘माता-माता’ म्हणतात!

आता ज्याने आमचे डोळे उघडले तो मुद्दा. दोन भाषा एका घरातील आहेत की नाहीत, हे ठरवावयाचे कसे? शब्द सारखे दिसतात म्हणून? नाही. शब्द नियमाने वेगळे दिसतात म्हणून.

हे थोडे उकलून सांगतो. हवाई भाषेत ‘माता’चा ‘माका’ झाला. हा एकट्या शब्दाचा लहरीपणा असता तर त्याला काही किंमत नव्हती. पण माओरीत ‘माणूस’ या अर्थी ‘तांगाता’ शब्द आहे, तो हवाईत ‘कानाका’ झाला. ‘निषिद्ध’ या अर्थाचा ‘तापु’ हवाईत ‘कापु’ झाला. मृत्यूचा वाचक माओरी ‘माते’ हवाईत ‘माके’ झाला. जेथे जेथे तिकडे ‘त’, तेथे तेथे इकडे ‘क’. ही शिस्त म्हणजे नात्याचा पुरावा. नेमके असेच आपल्या घरीही आहे. संस्कृत ‘पितृ’, ‘पाद’, ‘पञ्च’ यांच्या समोर इंग्रजीत ‘फादर’, ‘फूट’, ‘फाइव्ह’ उभे राहतात. आपल्या ‘प’समोर त्यांचा ‘फ’. आपली ‘मातृ’, लॅटिनची ‘मातेर’, फारसीची ‘मादर’, इंग्रजीची ‘मदर’ या सख्ख्या बहिणी होत. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे जे सुप्रसिद्ध व्याख्यान दिले, त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे एक समान मूळ असावे असे सूचित केले होते. त्या सूचनेला शिस्त आणली ती पुढच्या शतकातील या ध्वनिनियमांनी.

ही कसोटी एकदा हाती आली की, केवळ साम्याने फसण्याचे दिवस संपतात. आपण ‘म’ आणि ‘त’ ही दोन व्यंजने आणि एक ‘अ’कार घेऊ. तान्ह्या मुलालाही उच्चारता येतील असे हे वर्ण. जगात हजारो भाषा आणि सोपे वर्ण मोजके. मग एकाच ध्वनीवर अनेक भाषांचे पाय पडणारच. जपानी भाषेत ‘माता’ म्हणजे ‘पुन्हा’. स्पॅनिशमध्ये ‘माता’ म्हणजे ‘तो ठार मारतो’. बैलझुंजीतला ‘मातादोर’ त्याच धातूपासून आला, आणि पुण्यात तयार होणाऱ्या ज्या मॅटाडोर गाड्या आपण एके काळी रस्तोरस्ती पाहिल्या, त्यांचे नावही तेच. पोर्तुगीजमध्ये ‘माता’ म्हणजे रानही. ‘माता’ या चार अक्षरांच्या आत डोळा, आई, रान, हत्या आणि पुनरुक्ती असे पाच पाहुणे उतरले आहेत, आणि त्यांपैकी कोणीही दुसऱ्याच्या घरचा नाही! चार अक्षरे म्हणताना आम्ही रोमन लिपीतली मोजली. देवनागरीत दोनच पुरतात.

दूर कशाला जावे? आपल्याच मराठीत पाहा. ‘मत’ हा शब्द संस्कृत ‘मन्’ धातूपासून आला. ‘माती’ आली ‘मृत्तिका’ या शब्दापासून. ‘माता’ मातृ शब्दाची. बुद्धिबळातील ‘मात’ फारसीतून आली. ‘शाह मात’ या शब्दांचा परंपरेने सांगितला जाणारा अर्थ ‘राजा मेला’ असा असून, त्यासाठी ‘मेला’ या अर्थाच्या अरबी ‘माता’कडे बोट दाखवितात. आणि आपल्या संतांच्या ओव्या-अभंगांतून ‘गोष्ट, वार्ता’ या अर्थी येणारी जी जुनी ‘मात’ आहे, तिचे नाते अभ्यासक कानडी ‘मातु’ या शब्दाशी जोडतात. कानडीत ‘मातु’ म्हणजे बोलणे, तेलुगूत ‘माट’. एका दिवाणखान्यात बसलेल्या या मंडळींपैकी कुणी गंगेकाठची, कुणी इराणची, कुणी कृष्णा-तुंगभद्रेकडची. चेहरे सारखे, कुळे निरनिराळी.

याची उलट बाजू त्याहून मनोरंजक आहे. आधुनिक ग्रीक भाषेत डोळ्याला ‘माती’ म्हणतात. दृष्ट लागू नये म्हणून तेथे जो निळा मणी बांधतात, त्यालाही ‘माती’च म्हणतात. मलय ‘माता’ आणि ग्रीक ‘माती’, दोन्हींचा अर्थ डोळा! यांची सोयरीक आहे असे कुणीही शपथेवर सांगेल. पण ती नाही. ग्रीक ‘माती’ हे जुन्या ‘ओम्मातिओन’ या शब्दाचे झिजलेले रूप असून, त्याच्या मुळाशी असलेला धातू तोच, ज्यापासून लॅटिन ‘ओक्युलस’, इंग्रजी ‘आय’ आणि आपला ‘अक्षि’ शब्द निघाला. म्हणजे जी ‘माती’ मलय ‘माता’ची जुळी बहीण वाटते, ती खरी चुलत बहीण आहे आपल्या ‘मीनाक्षी’ची, ‘साक्षी’ची आणि ‘प्रत्यक्षा’ची! तोंडावळा कुठला आणि गोत्र कुठले! ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांताच्या म्बाबाराम नावाच्या भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत असत. तो शब्द इंग्रजांकडून आलेला नाही, शेजारच्या भाषांतील ‘गुदग’ या रूपाशी त्याचे नियमबद्ध नाते आहे. निव्वळ योगायोगही असा हुबेहूब वेष घेऊ शकतो.

मग भाषा-भाषांत नाते नसताना जे दिसते, ते सारे व्यर्थच काय? तसे म्हणवत नाही. शब्दांची सोयरीक नसली तरी माणसाच्या मनाची सोयरीक असते, आणि डोळ्याच्या बाबतीत ती फार सुंदर रीतीने प्रकट होते. मलय भाषेत हेर म्हणजे ‘माता-माता’. आपल्याकडे हेरांच्या डोळ्यांनी पाहणाऱ्या राजाला ‘चारचक्षु’ म्हटले आहे. तिकडे सूर्य दिवसाचा डोळा. आपल्याकडे त्याचे एक नाव ‘जगच्चक्षु’. तिकडे नुसत्या तव्यावर सोडलेल्या, पिवळा बलक अखंड राहिलेल्या अंड्याला ‘गाईच्या डोळ्याचे अंडे’ म्हणतात. आपण खिडकीला ‘गवाक्ष’ म्हणतो, तोही गाईचाच डोळा. आपण उसाच्या कांडीला डोळा म्हणतो, नारळाला डोळे म्हणतो; ते पायाच्या घोट्याला ‘पायाचा डोळा’ म्हणतात आणि सुरीच्या पात्याला ‘सुरीचा डोळा’.

‘माता आयिर’ म्हणजे पाण्याचा डोळा, अर्थात झरा. शब्दांचा क्रम उलटा केला, ‘आयिर माता’, की डोळ्याचे पाणी, म्हणजे अश्रू. झऱ्याला डोळा म्हणण्याची ही कल्पना अरबीतही आहे. अरबीत ‘ऐन’ म्हणजे डोळा आणि झरासुद्धा. ‘ऐन दिवाळीत’, ‘ऐन वेळी’ असे आपण रोज म्हणतो, तो हाच शब्द. फारसीत ‘चश्म’ म्हणजे डोळा आणि ‘चश्मा’ म्हणजे झरा. तोच चश्मा आपल्या नाकावर येऊन बसला. इंडोनेशियन भाषेत या वस्तूला ‘काचामाता’ म्हणतात. त्यातील ‘काचा’ ही संस्कृत ‘काच’, आणि ‘माता’ मात्र त्यांची स्वतःची. येथे आमच्या दादांच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. काच बाहेरून आली, तिचे नाव बाहेरून आले. डोळा जन्मापासून स्वतःचाच होता, त्याचे नाव उसने आणण्याचे कारण नव्हते. हात, पाय, डोळा, पाणी, जन्म, मरण हे शब्द सहसा उसने घेतले जात नाहीत. क्वचित घेतले जातातही, पण अभ्यासक कुळांचा माग काढताना आधी याच शब्दांकडे वळतात, त्याचे कारण हेच.

आता त्या ‘मेत्’ शब्दाकडे येऊ, कारण आमचा खरा अपराध तेथे आहे. संताळी ‘मेत्’, मुंडारी व हो भाषांतील ‘मेद’, मेघालयातील खासी भाषेतील ‘ख्मत’, ब्रह्मदेशातील मोन भाषेतील ‘मत’ आणि व्हिएतनामी भाषेतील ‘मात’, या साऱ्यांचा अर्थ डोळा. या भाषा ऑस्ट्रो-एशियाटिक नावाच्या कुळातील होत. ‘नेत्र’ शब्द येथे कोठेही लागत नाही. ‘नी’ म्हणजे नेणे या धातूपासून निघालेला तो शब्द वेगळ्याच घरचा. संताळीत पाण्याला ‘दाक्’ म्हणतात आणि अश्रूंना ‘मेत् दाक्’, डोळ्याचे पाणी. व्हिएतनामीतही अश्रू म्हणजे ‘डोळ्याचे पाणी’च. आणि आपण? आपण तरी दुसरे काय म्हणतो? दुःख झाले की आपल्या डोळ्यांत पाणी येते.

व्हिएतनामी ‘मात’ आणि मलय ‘माता’ यांचे तरी परस्परांत नाते आहे काय? विल्हेल्म श्मिट या विद्वानाने १९०६ साली अशी कल्पना मांडली की, ही दोन मोठी कुळे एका आणखी जुन्या ‘ऑस्ट्रिक’ कुळाच्या शाखा असाव्यात. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी ते सर्वमान्य होईल असे सिद्ध झालेले नाही. डोळ्याचा शब्द इतका जुळतो, तरी अभ्यासक थांबून राहिले आहेत. नियमांची साखळी पुरी होईपर्यंत ते ‘होय’ म्हणत नाहीत. आम्ही तर एका संध्याकाळच्या बळावर संस्कृतपासून सगळ्यांची वंशावळ लिहून टाकली होती.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती सांगताना आम्हांस खरोखर संकोच वाटतो. आमचे आजोळ अमरावती जिल्ह्यातले. परतवाड्याच्या बाजाराला मेळघाटातून कोरकू लोक येत, आजीच्या ओसरीवर टेकत, पाणी पीत. त्यांची भाषा आमच्या कानांवरून किती वेळा गेली असेल! कोरकू ही याच संताळी-मुंडारीच्या घराण्यातील भाषा असून, व्हिएतनामपासून सुरू होणाऱ्या त्या कुळाचे सर्वांत पश्चिमेकडील टोक म्हणजे आपले मेळघाट आणि त्यालगतचा सातपुडा. त्यांच्या भाषेत डोळा म्हणजे ‘मेड’. ज्या शब्दाचा माग काढण्यासाठी आम्हांला जाकार्त्यापर्यंत जावे लागले आणि दादांपुढे मान खाली घालावी लागली, त्याचा भाऊबंद आमच्या आजीच्या ओसरीवर बसलेला होता. आम्ही त्याला कधी विचारलेच नाही. मराठी मुलखात फक्त मराठीच नांदते, असे आम्ही धरून चाललो होतो, आणि तीच खोड घेऊन आम्ही या गावी आलो.

या गावात आपली तिसरी पिढी वाढते आहे. आपल्या या सभागृहाच्या भिंतीपलीकडे संताळी आहे, हो आहे, बंगाली आणि ओडिया आहे. २०११ सालच्या जनगणनेत संताळी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या ७३ लाखांहून अधिक होती. १९२५ साली पंडित रघुनाथ मुर्मू यांनी तिच्यासाठी ओल चिकी ही स्वतंत्र लिपी सिद्ध केली आणि २००३ सालच्या घटनादुरुस्तीने ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. तरीही आपल्यापैकी किती जणांना या भाषेतील दहा शब्द येतात? आम्हांला स्वतःला निवृत्त होईपर्यंत तीन येत होते, आणि त्यांपैकी एकाची व्युत्पत्ती आम्ही चुकीची लिहिली.

आपल्या मंडळात दर वर्षी एक तक्रार ऐकू येते. मुलांचे मराठी बिघडले, नातवंडे ‘मी जातो’ म्हणावयाच्या ठिकाणी भलतेच बोलतात, त्यांच्या उच्चारांत इकडचा सूर आला. आम्हीही ही तक्रार केलेली आहे. पण हवाईच्या त्या ‘माका’कडे पाहिल्यापासून आम्ही ती थोडी हळू आवाजात करतो. ‘माता’चा ‘माका’ झाला म्हणून तो परका झाला नाही. घरात तो रोज बोलला गेला, बदलत बदलत बोलला गेला, म्हणून तर तो टिकला. मलय भाषेशी दिसण्यात जुळणारी ग्रीक ‘माती’ परकीच राहिली. नातू मराठीत चुकतो, याची आम्हांस आता तितकी भीती वाटत नाही. तो चुकण्यापुरतेही मराठी बोलेनासा होईल, ही भीती मात्र आहे, आणि ती शब्दकोशांनी जाणारी नव्हे. ती जेवणाच्या पानावर रोज चार वाक्ये बोलूनच जाईल.

दादा आज हयात नाहीत. त्यांच्या हयातीत आमच्या हातून ती दुरुस्ती झाली नाही. ते निवृत्त होऊन घाटशिलेकडील आपल्या गावी गेले, आणि ‘पुढच्या अंकात लिहू’ असे म्हणता म्हणता वर्षे गेली. गेल्या हिवाळ्यात आम्ही त्यांच्या मुलाला भेटून सारी हकीगत सांगितली. तो हसला आणि म्हणाला की, बाबा ही गोष्ट घरी नेहमी सांगत, आणि ती सांगताना त्यांच्या बोलण्यात राग नसे. आम्हांला तेवढ्याने सुटल्यासारखे वाटले नाही. राग त्यांनी धरला नाही, हा त्यांचा मोठेपणा. छापलेले खोडणे हे आमचे काम.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची एक नम्र विनंती आहे. रौप्यमहोत्सवी अंकाची जी प्रत ग्रंथालयात आहे, तिच्यात आमच्या लेखाच्या पहिल्या पानावर एक चिठ्ठी डकवावी. मजकूर आम्ही लिहून आणला आहे : “या लेखातील ‘माता’ व ‘माताहारी’ या शब्दांच्या व्युत्पत्ती चुकीच्या आहेत. हे शब्द मलय भाषेचे स्वतःचे आहेत. ‘मेत्’ हा शब्द संताळी भाषेचा स्वतःचा आहे. लेखक.” डिंकाची बाटलीही आम्ही सोबत आणली आहे. सभा संपल्यावर ग्रंथपालांनी कृपया कपाटाची किल्ली घेऊन यावे.